भोक केवढं पाडायचं?

आमच्या घराला परसदार आहे. फार मोठं नाही. एक नारळ, दोन केळी, अळूचा वाफा, धुणं धुवायचा दगड, आणि उरलेल्या जागेत मुलं. एका मे महिन्यात या मुलांची संख्या सातवर गेली. पुतणी होतीच, तिच्या मावसभावंडांची भर पडली, शेजारची दोघं तर जेवायलासुद्धा घरी जाईनात. दुपारी पत्रा तापला की सगळी मागच्या दारात येऊन उभी राहायची आणि माझ्याकडे बघायची. मी अभियांत्रिकी शिकलेला काका. मला काहीतरी करणं भाग होतं.

माळ्यावर ठिबकच्या जुन्या नळीचं वेटोळं पडलेलं होतं. शेतकरी जिला लॅटरल म्हणतात तीच काळी, १६ मिलिमीटरची नळी. तिचा तीन-चार मीटरचा तुकडा कापला, खिळा चिमट्यात धरून गॅसवर तापवला आणि नळीला ओळीने बारा भोकं पाडली. एका टोकाला गच्चीवरच्या टाकीची नळी जोडली, दुसरं टोक दुमडून सुतळीने बांधलं. कॉक सोडला आणि बारा धारा उसळल्या. मुलांनी जो आरडाओरडा केला तो ऐकून मला माझाच अभिमान वाटला.

तो अभिमान पाव तास टिकला. धारा आधी गुडघ्यावर आल्या, मग घोट्यावर, मग नळीने दोन उचक्या दिल्या आणि सगळं थांबलं. टाकी रिकामी झाली होती. आमच्याकडे पाणी एक दिवसाआड येतं आणि तो दिवस पाणी न येण्याचा होता. वहिनी साबण लावलेले कपडे घेऊन दगडापाशी बसलेल्या. त्या एवढंच म्हणाल्या, "भाऊजी, हे कपडे आता नदीवर नेऊ का तुम्ही विहिरीवरून आणताय?"

दोन कळशा आणल्या. चार आणल्या. पाचव्या खेपेला डोक्यात हिशेब सुरू झाला, आणि हे प्रकरण त्या हिशेबापासूनच सुरू व्हायला हवं. मुलांसाठी पाण्याचा खेळ घरी बांधायचा असेल तर पहिला प्रश्न नळी कोणती, पाइप किती इंची, हा नसतो. भोक केवढं पाडायचं, हा असतो.

तापल्या खिळ्याने पडलेलं भोक साधारण ३ मिलिमीटरचं होतं. टाकीतलं पाणी नळीपेक्षा सुमारे ४ मीटर उंच. एवढ्या उंचीवरून दाब मिळाला की भोकातून पाणी सेकंदाला जवळजवळ ९ मीटर वेगाने सुटतं. भोकाच्या कडेशी धार आवळली जाते, तेवढी तूट वजा केली तर एका भोकातून मिनिटाला सव्वादोन लिटर. बारा भोकांतून सत्तावीस. नळीतल्या घर्षणात त्यातलं निम्मं गेलं असं धरू, तरी मिनिटाला तेरा-चौदा लिटर जातात. सकाळची कामं झाल्यावर टाकीत दोनशे लिटर उरलं असेल. पाव तास बरोबर आला. जलजीवन मिशनमध्ये खेड्यातल्या माणसाला दिवसाला ५५ लिटर पाणी मिळावं असं धरलेलं आहे. म्हणजे जवळजवळ चार माणसांचं दिवसाचं पाणी मी पंधरा मिनिटांत अळूच्या वाफ्यात सोडलं होतं.

आता तेच भोक १ मिलिमीटरचं असतं तर? व्यास तिसऱ्या हिश्शाने, म्हणून पाणीही तिसरा हिस्सा, असं पटकन वाटतं. पण पाणी जातं ते भोकाच्या क्षेत्रफळातून, आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलतं. व्यास एक तृतीयांश, तर पाणी एक नवमांश. बारा भोकांतून सत्तावीसऐवजी तीन लिटर. आणि गंमत अशी की धार कमी उंच उडत नाही. वेग ठरतो वरच्या पाण्याच्या उंचीवर, भोकाच्या आकारावर नाही. उलट पाणी कमी वाहिल्यामुळे नळीत दाब कमी खर्च होतो आणि बारीक धार जाड धारेपेक्षा उंच जाते. मुलांना भिजायला बारीक धार पुरते. जाड धारेने फक्त टाकी रिकामी होते.

एक मिलिमीटरचं भोक पाडायला गोधडी शिवायची सुई चांगली. ठिबकवाल्यांचा पंच वापरू नका, तो ड्रिपर बसवण्यासाठी आहे, त्याचं भोक मोठं पडतं. सुई पक्कडीत धरून तापवायची आणि नळीच्या वरच्या भिंतीतूनच आत घालायची. आरपार गेली की खालच्या बाजूलाही धार लागते आणि ती जमीन उकरत बसते. ही काळी नळी पॉलिथिलिनची असते, तापली सुई लागली की मेणबत्तीसारखा वास येतो, तेवढंच. पांढऱ्या किंवा करड्या पीव्हीसी पाइपला मात्र तापवलेलं काहीही लावायचं नाही. त्यातून हायड्रोजन क्लोराइडचा धूर निघतो, तो नाकाडोळ्यांना झोंबतो आणि फुप्फुसांना वाईट. पीव्हीसीला भोक पाडायचं ते ड्रिल मशिननेच.

ठिबकच्या सामानाची मला जी माया आहे ती उगाच नाही. जळगावपासून सोलापूर-सांगलीपर्यंत कुठल्याही तालुक्याच्या गावी कृषी सेवा केंद्रात जा, टी, जॉइनर, ग्रोमेट, कॉक, आठच्या आकड्यासारखी ती एंड कॅप, सगळं सुट्टं मिळतं आणि किंमत चहा-वड्याच्या पातळीवरची असते. ना सोल्युशन लागतं, ना आटे पाडावे लागतात. नळीचं टोक गरम पाण्यात बुडवलं की मऊ होतं, जॉइनरवर दाबलं की बसतं. थंड झालं की सहसा निघत नाही. ज्यांचं शेत आहे त्यांच्या घरी तर ही नळी उंदरांनी कुरतडून टाकून दिलेली असतेच. कुरतडलेला भाग कापायचा, बाकीची आपली.

पण नळीकडे जाण्याआधी मुलांबरोबर एक बाटली घेऊन बसावं असं मी म्हणेन. शीतपेयाची दोन लिटरची बाटली, तळापासून ५, १५ आणि २५ सेंटिमीटरवर एकाच मापाची तीन भोकं, आणि पाणी ३० सेंटिमीटरपर्यंत भरलेलं. वरून एकजण ओतत राहणार, म्हणजे पातळी खाली जाणार नाही. आता पैज लावायची: कुठली धार सगळ्यात लांब पडेल?

ज्यांनी विज्ञानाच्या पुस्तकातलं चित्र पाहिलंय ते छातीठोकपणे सांगतात, सगळ्यात खालची. कित्येक पुस्तकांत चित्र तसंच काढलेलं असतं. खोल गेलं की दाब जास्त, दाब जास्त की वेग जास्त, वेग जास्त की धार लांब. तर्क बरोबर, चित्र चूक. बाटली जमिनीवर ठेवून पाहा. सगळ्यात लांब जाते मधली धार, ३० सेंटिमीटर. वरची आणि खालची दोन्ही साधारण २२ सेंटिमीटरवर, एकाच जागी पडतात. खालच्या धारेला वेग आहे, पण तिला जमिनीवर आपटायला वेळच लागत नाही. वरचीला पडायला भरपूर वेळ आहे, पण अंगात जोर नाही. आता तीच बाटली धुण्याच्या दगडावर, जमिनीपासून दोन फूट वर ठेवा. पुस्तकातलं चित्र लगेच खरं होतं! खालची धार ८० सेंटिमीटरवर जाते आणि वरची चाळिशीतच लटपटते.

हा वेगाचा नियम एवांजेलिस्ता टोरिचेली या इटालियनाने १६४४ साली छापला. गॅलिलिओच्या अखेरच्या महिन्यांत त्याच्याजवळ राहिलेला हा माणूस. हवेचा दाब मोजणारा पारा भरलेला नळ त्याचाच. उंचावरून सोडलेला दगड जमिनीवर येताना जो वेग घेतो, तेवढाच वेग तेवढ्या उंचीच्या पाण्याखालच्या भोकातून सुटणाऱ्या धारेला असतो, असं त्याचं म्हणणं. मुलांना सूत्र सांगायची गरज नाही. त्यांना एवढं सांगा की धार वर सोडली तर ती टाकीतल्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंच कधीच जाणार नाही, काहीही करा. ते लगेच "काहीही"चे प्रयत्न सुरू करतात. त्यात एक दुपार जाते.

बाटलीची आणखी एक करामत आहे. तळाला सुईने दहा-पंधरा भोकं पाडा, बादलीत बुडवून भरा, पाण्यातच झाकण घट्ट लावा आणि बाहेर काढा. पाणी गळत नाही. झाकण सैल करा, झारी सुरू. घट्ट करा, बंद. बाहेरची हवा खालून पाणी धरून ठेवते; वरून हवेला आत यायला वाट मिळाली तरच पाणी उतरतं. तीन वर्षांच्या पोराला यातलं काही कळत नाही. पण आपण बोटाने झाकण फिरवलं की पाऊस पडतो आणि फिरवलं की थांबतो, हे कळतं. त्या वयाचं मूल इतर कुठल्याही खेळण्यावर एवढी सत्ता गाजवू शकत नाही.

इथे मला जरा माझं मत सांगू द्या. बाजारात आता पाण्याची खेळणी खूप मिळतात. हवा भरायचे तलाव, प्लॅस्टिकची कारंजी, माशाच्या आकाराचे फवारे. वाईट नाहीत. पण त्यात मूल बसतं आणि पाणी त्याच्या अंगावर पडतं. मुलाने करायचं काही उरत नाही. वीस मिनिटांत कंटाळा येतो. याउलट उघड्या नळीच्या तोंडावर अंगठा दाबून धार लांब मारणारं पोर तासभर हलत नाही, कारण अंगठा त्याचा आहे. सायमन निकल्सन नावाच्या ब्रिटिश कलावंताने १९७१ साली एका लेखात हेच मांडलं होतं. एखाद्या जागेत कल्पकतेला किती वाव आहे हे तिथे हलवता-जोडता येणाऱ्या सुट्या गोष्टी किती आहेत यावर ठरतं, आणि मोठी माणसं सगळी रचना स्वतःच करून टाकतात, तेव्हा गंमतही स्वतःच खाऊन टाकतात. तो शिल्पकार आणि चित्रकार आईबापांचा मुलगा होता, तेव्हा सुट्या वस्तूंच्या ढिगातच वाढला असणार. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊ सामानातून खेळणी करून दाखवली ती याच जातीची. त्यांची खेळणी मोडतात, आणि मोडलेलं मूलच दुरुस्त करतं.

म्हणून मी पीव्हीसी पाइपची कमान करतो तेव्हा सोल्युशन लावत नाही. अर्धा इंची पाइप, चार एल्बो, तीन-चार टी, दोन एंड कॅप. हॅक्सॉने दोन-दोन फुटांचे तुकडे कापायचे, कडांवरचा भुगा पॉलिश पेपरने घासायचा आणि नुसतं एकमेकांत दाबून बसवायचं. माझ्या प्लंबर मित्राला हे पाहवेना. "सांधे सुटतील," तो म्हणाला. गच्चीवरच्या टाकीवर सुटत नाहीत. ४ मीटर उंचीच्या पाण्याचा दाब चौरस सेंटिमीटरला ४०० ग्रॅमच्या आसपास. अर्धा इंची पाइपची बाहेरची जाडी मोजली तर सांध्यावर येणारा जोर दीड किलोच्या आतबाहेर होतो. दाबून बसवलेला एल्बो तेवढं सहज धरतो. थोडं ठिबकतं, ठिबकू द्या, सगळं भिजण्यासाठीच तर चाललंय. मात्र मोटरीची नळी थेट जोडलीत तर दाब पाचपट होऊ शकतो, आणि मग एल्बो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. तेव्हा मोटर नाही, टाकीच. बिनसोल्युशनच्या कमानीचा फायदा असा की सकाळी जे दार असतं ते दुपारी जिराफ होतं आणि संध्याकाळी कुणीतरी त्याची शिडी करायला घेतं. त्या वेळी मात्र ओरडावं लागतं.

एक सूचना. या पाइपमधलं पाणी मुलांना पिऊ देऊ नका. आपल्याकडे पीव्हीसी पाइप टिकाऊ करायला शिशाची संयुगं मिसळत असत. ती काढून टाकण्यासाठीचे नियम केंद्र सरकारने २०२१ साली केले. घरात पडलेला पाइप त्याआधीचा असण्याची शक्यता मोठी. आणि उन्हात पडलेल्या कुठल्याही नळीतलं पहिलं पाणी आधी स्वतःच्या हातावर घ्या. काळ्या नळीत दुपारी दोन वाजता जे पाणी असतं त्याने लहान मुलाची कातडी भाजते.

पिचकारीबद्दल सांगायचं तर कोकणात अजून कळकाची करतात. एका बाजूला पेराची गाठ ठेवायची, तिला बारीक भोक, दुसऱ्या बाजूने काठीला चिंध्या गुंडाळून केलेला बोंडा. कारागिरी सगळी त्या चिंधीत असते. सैल बांधली तर पाणी मागून अंगावर येतं, घट्ट बांधली तर काठी ओढवत नाही. ओली झाली की चिंधी फुगते, हे धरूनच गुंडाळावी लागते. या पिचकारीची मर्यादा एकच: जोर तुमच्या हातात असेल तेवढाच, आणि ढकलणं थांबलं की धार थांबली. लॉनी जॉन्सन या अमेरिकन अभियंत्याने ही मर्यादा ओलांडली. १९८२ साली तो घरी वेगळ्याच कामात होता, पाण्यावर चालणारा उष्णतेचा पंप बनवत होता. एक तोटी न्हाणीघरातल्या नळाला लावून पाहिली आणि धार खोलीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन आदळली. पाणी दाबलं तरी आकसत नाही, हवा आकसते. म्हणून त्याने बंदुकीत हवा दाबून साठवली. सावकाश पंप मारायचा आणि साठलेला जोर एकदम सोडायचा. १९९१ पासून ती सुपर सोकर नावाने जगभर खपली. घरी बाटलीत हवा दाबून हे करू नका. फुटलेल्या बाटलीचं झाकण डोळ्यावर येतं. कळक पुरे.

घसरगुंडीचं मात्र दुरूनच. ताडपत्री अंथरायची, कडेने भोकांची नळी, वर पाणी, आणि पोटावर झोकून द्यायचं. याचा जन्म १९६० सालचा, कॅलिफोर्नियातल्या लेकवूडमधला. रॉबर्ट कॅरियर हा गाद्या-खुर्च्यांना आच्छादनं शिवणारा माणूस एके दिवशी घरी आला तर त्याचा दहा वर्षांचा मुलगा आणि मित्र घराच्या ओल्या सिमेंटच्या वाटेवर पोटावर घसरत होते. कोपरं सोलवटतील म्हणून त्याने कामावरून रेक्झिनसारख्या कापडाचा लांबलचक पट्टा आणला आणि कडेला पाण्यासाठी नळीसारखी शिवण घातली. पुढे व्हॅम-ओ कंपनीने तो स्लिप एन स्लाइड म्हणून विकला. कल्पना गोड, पण १९९३ साली अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाला इशारा द्यावा लागला की मोठ्यांनी यावर झेप घेऊ नये. मुलाचं वजन कमी, ते घसरत जातं. मोठा माणूस झेप घेतो आणि जागीच रुततो, मागचं वजन मानेवर येतं. माना मोडून कायमचे पांगळे झालेले लोक त्या नोंदींत आहेत. तेव्हा आमच्या घरी नियम असा आहे: ताडपत्रीखाली आधी हात फिरवून खडे काढायचे, पळत येऊन नाही तर बसून घसरायचं, आणि मिशा फुटलेल्या कुणीही तिकडे फिरकायचं नाही. दरवर्षी एखादा मामा फिरकतोच.

त्यापेक्षा मला भिंत आवडते. एखादा जुना लाकडी दरवाजा किंवा लोखंडी जाळी भिंतीला टेकवून तिच्यावर अर्ध्या कापलेल्या बाटल्या, नरसाळं, पाइपचे तुकडे, भोक पडलेला चहाचा टोप, सगळं तारेने बांधायचं. वरून तांब्याने पाणी ओतायचं आणि ते कुठून कुठे जातं ते बघायचं. मधे एखादं चाक. खराट्याच्या काडीवर बटाटा ओवला, त्यात आइस्क्रीमचे लाकडी चमचे खोचले की झालं चाक. दोन दिवसांत बटाट्याला वास येतो, मग खराब चप्पल कापून तिच्या तळाची चकती करायची.

छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहून आल्यावर आमच्या भिंतीला उलटा प्रवासही सुरू झाला. तिथे बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्याजवळ, डोंगरातल्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून जमिनीखालून आणलंय. ते एका उंच भिंतीच्या माथ्यापर्यंत आपसूक चढतं आणि तिथून हौदात कोसळतं. त्याच पाण्यावर दळणाची चक्की फिरत असे. पुतणीने विचारलं, पाणी वर कसं जातं? मी म्हटलं, ते वर जात नाही, परत जातं. डोंगरात जिथून निघालं तिथवर जाण्याचा प्रयत्न करतं. घरी आल्यावर तिने दोन डबे आणि पारदर्शक नळी घेऊन डबे खालीवर करत सगळा रविवार घालवला. एक डबा उचलला की दुसऱ्यातलं पाणी वर चढायचं. नळी डब्याच्या काठावरून घेऊन खाली सोडली तर पाणी काठ ओलांडून खाली यायचं, तेही तिने त्याच दिवशी शोधलं. आमची पिढी ही युक्ती रेशनच्या दुकानात शिकली, पिंपातलं रॉकेल नळीने तोंड लावून ओढताना. तिला मी तोंड न लावता, नळी पाण्यात पूर्ण बुडवून, दोन्ही टोकं बोटांनी दाबून बाहेर काढायला शिकवलं. तेवढी प्रगती झाली म्हणायची.

वाया जाणाऱ्या पाण्याचं उत्तर जुन्या घरांनी आधीच देऊन ठेवलंय. न्हाणीचं पाणी पाटाने अळू-केळीला जायचं. खेळाची जागा निवडताना उतार कुठे आहे ते आधी बघावं; नारळाच्या आळ्याकडे उतार असेल तर दुपारचं भिजणं हेच झाडाचं शिंपणं होतं. साबणाचे फुगे मात्र त्या दिवशी नकोत.

आता जे सांगायचं आहे ते न हसता. लहान मूल चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. नाक-तोंड बुडालं की पुरतं. चालायला लागलेल्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने जड असतं. ते बादलीत वाकून बघतं, तोल जातो, आणि हातात वर उठायचा जोर नसतो. बुडताना आवाज होत नाही, पाणी उडत नाही. "मी आतच होते, ओरडलं असतं तर ऐकू आलं असतं," असं मागून म्हणायची वेळ येते ती म्हणून. एका मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर बसायचं, हातात मोबाइल न घेता. खेळ संपला की बादल्या, टब, ड्रम सगळं पालथं. साठवणाचं पिंप झाकलेलं आणि झाकणावर वजन.

पालथं घालण्याचं दुसरं कारण डास. डेंगीचा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उन्हाळ्यात आठवडा-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आरोग्यसेविका आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा म्हणतात तो या हिशेबाने. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कारण अंडी पाण्याच्या काठाशी भिंतीला चिकटलेली असतात आणि सुकली तरी महिनोन्महिने जगतात. काथ्याने घासून काढायचं. आणि कूलरचा छोटा पंप टबात सोडून कारंजं करायची कल्पना कुणाच्या डोक्यात आली तर ती तिथेच सोडून द्या. तो २३० व्होल्टवर चालतो. मुलं ज्या पाण्यात आहेत त्या पाण्यात विजेची वायर नको, मग ती कितीही नवी असो.

त्या उन्हाळ्यानंतर आमच्या घरी कोटा आला. टाकीला हात लावायचा नाही. सकाळी पन्नास लिटरचा एक कॅन भरून जिन्याच्या वळणावर, जमिनीपासून दोन मीटर उंच ठेवायचा. ते संपलं की खेळ संपला. कॅनच्या बुडाला ग्रोमेट लावला आणि घरात दुसरी नळी नव्हती म्हणून ठिबकची ती सगळ्यात बारीक, ४ मिलिमीटरची मायक्रोट्यूब खाली आणून लॅटरलला जोडली. लॅटरलला गोधडीच्या सुईची आठ भोकं. पाणी तासभर पुरलं, पण धारा गुडघ्यापलीकडे जाईनात. मुलं नाराज. मी भोकं मोठी करू का, या विचारात.

पुतणी तोवर कुंपणावरून बाभळीचे काटे घेऊन आली. एक भोक बुजवलं. उरलेल्या सात धारा किंचित उंचावल्या, निदान तिला तरी तसं वाटलं. आणखी दोन बुजवली, तेव्हा सगळ्यांनाच दिसलं. बारीक नळीतून पाणी जितकं जास्त ओढावं तितका दाब नळीच्या भिंतींशी घासण्यात जातो. भोकं बंद केली की नळीतला ओघ मंदावतो आणि वाचलेला दाब उरलेल्या धारांना मिळतो. हे मी तिला सांगणार होतो, पण तिला ऐकायला वेळ नव्हता. ती ओणवी होऊन एकेक काटा खोचत होती आणि बाकी सहाजण श्वास रोखून बघत होते. सहावा. सातवा. उरलेली एकुलती धार सरळ वर गेली, कपडे वाळत घालायच्या तारेपाशी पोचली आणि तिथे वहिनींनी नुकत्याच टाकलेल्या साडीला जाऊन लागली.

"भाऊजी!"

मी कॉककडे धावलो. पुतणी काटा काढू की ठेवू असं विचारत होती.